खांबावर माणूस आहे

"मेन पाड! अबे, मेन पाड आधी! खांबावर मानूस हाये!"

आवाज रस्त्याच्या पार पलीकडून आला, पण आला असा की माझ्या कृषी केंद्रातल्या युरियाच्या गोण्या चार बोटं मागे सरकल्या. मी अंगणात उभा होतो. पायाशी मंडपवाल्याकडून उचलून आणलेला जनरेटर आणि त्याची दोरी माझ्या हातात. जनरेटरमधून निघालेली वायर खिडकीतून आत जाऊन कुलरच्या सॉकेटमध्ये खोचलेली. त्या वायरीला दोन्ही टोकांना पिना होत्या. अशी वायर दुकानात मिळत नाही, घरी बनवावी लागते, आणि आमच्या अड्याळात जो ती बनवतो त्याला लोक हुशार समजतात. मी हुशार होतो.

आत खाटेवर बाबा बसलेले. उभं आयुष्य चिखल्याच्या खाणीत जमिनीखाली काढलं आणि वर आल्यावर जो वेळ मिळाला तो बिडीत काढला, त्यामुळे छाती पार गेलेली. ऑक्सिजनची मशीन दिवसरात्र लागायची. ती मशीन त्या दिवशी दोन तासांपासून बंद होती, कारण लाईन गेली होती. नळी लहान सिलिंडरला लावली होती आणि सिलिंडरचा काटा लाल पट्टीत येऊन थांबला होता. बाहेर ऊन असं की कावळ्यानेही पाय उचलून चालावं. त्याच उन्हात माझ्या स्लॅबवर नवंकोरं सोलर चमकत होतं, आणि त्या सोलरखालच्या घरात एक बारका बल्बही लागत नव्हता.

ओरडत येणारा माणूस मेनमामा. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा धावताना पाहत होतो. सत्तरी उलटलेली, एक चप्पल पायात, दुसरी रस्त्यावर कुठेतरी. ते पोचेपर्यंत मी दोरी ओढली की नाही हे सांगतो, पण आधी हा माणूस कोण ते सांगावं लागेल. नाही तर तुम्हाला वाटेल की एक म्हातारा दुसऱ्या म्हाताऱ्याचा श्वास अडवायला धावत आला.

मामांनी सारी नोकरी लाईनमन म्हणून केली. पवनी तालुक्यात असा खांब नसेल ज्याला त्यांच्या पोटाची ओळख नव्हती. निवृत्त झाले, अड्याळातल्या आपल्या जुन्या घरी येऊन बसले, आणि दहा-बारा वर्षांनी गावावर सोलर बरसलं. आधी सरकारी योजना आली, तिच्या मागे एजंट आले, एजंटांच्या मागे रंगीत कागद आले. बघता बघता दर तिसऱ्या स्लॅबवर काळ्या काचा. लोक एजंटाला हो म्हणायच्या आधी मामांना बोलवायचे, ते काय सांगतात ते ऐकून घ्यायचे, आणि मग एजंटाला हो म्हणायचे. मामा काही घ्यायचे नाहीत. पाण्याचा गिलास आणि गुळाचा खडा. काम झाल्यावर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायचे आणि एकच प्रश्न विचारायचे. ज्याच्या घरी सोलर लागून वर्ष झालं त्यालाही तोच. "मेन पाडून पाह्यला काय?"

म्हणजे घरचा मेन स्विच स्वतःच्या हाताने बंद करून, लाईन गेल्यावर आपलं सोलर काय करतं ते पाहिलं का? कोणीच पाहिलेलं नसायचं. भर उन्हात कोण कशाला मेन पाडेल? लोक हसायचे. त्यावरून नाव पडलं, मेनमामा. खरं नाव फक्त रेशनकार्डाला माहीत.

त्यांच्या खिशात चुन्याची डबी असायची. तुम्ही म्हणाल तंबाखूची. तंबाखू त्यांनी कधीच सोडली होती, चुना राहिला होता. सकाळी नवाच्या सुमारास ते छतावर चढायचे आणि उन्हं उतरेपर्यंत तिथेच बसायचे. पाण्याच्या टाकीची सावली, जिन्याच्या खोलीची सावली, शेजाऱ्याच्या डिशची सावली, जिथे जिथे पडेल तिथे तासातासाला बोटाने चुन्याची रेघ ओढायचे. संध्याकाळी त्या रेघांच्या बाहेर जी जागा उरायची तीच सोलरची. बाकी छत तुमच्या कुरडया-पापडांसाठी. एकदा तर म्हणे शेजारणीच्या दोरीवरचं लुगडं दुपारी तीनला छतावर पाऊण हात सावली टाकत होतं. मामांनी तिला दोरी सरकवायला लावली, आणि त्या दोरीवरून दोन घरांत जे जुंपलं ते पोलीस पाटलापर्यंत गेलं. थोडं मी वाढवून सांगतो, पण दोरी खरंच सरकली.

वैशाखात कोणी बोलावलं तर मामा यायचेच नाहीत. "पौषात बोलवा," म्हणायचे. "आता सूर्य डोक्यावर हाये. आता कोन्हाचीबी सावली त्याच्या पायातच रायते. पौषात सूर्य दक्षिणेले कलते, तवा सावली लंबी होते. तवा समजन." एवढ्याशा सावलीने काय बिघडतं, असं एजंट म्हणायचा, काचा तर बारा आहेत, एकीवर पडली तर पडली. मामा त्याला रस्त्यावरून जाणारी बैलबंडी दाखवायचे. "त्यातला एक बैल खाली बसला तं दुसरा कुठी जाईन?"

छतावर ते अनवाणी फिरायचे आणि टाचेने ठोकून पाहायचे. घरातले पुरुष सांगायचे, स्लॅब एकदम पक्का, दगड आहे दगड. मामा ऐकून घ्यायचे आणि खाली उतरून सरळ स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे. "बाई, पावसात गंज कुठी मांडता?" बायका लगेच दाखवायच्या. गळतीखाली एक गंज, म्हणजे पातेलं, देवघरात, एक खाटेशी, घमेलं धानाच्या कोठीवर. पुरुष छताकडे बघत राहायचे. मग मामा तिसऱ्या पायरीवर बसून सांगायचे, "आधी स्लॅब बुजवा. हे एकदा बसलं का पंचवीस साल बसते. दर पावसाळ्यात उचलून का मांडीवर घेसान?"

शाळेतल्या गुरुजींच्या घरी तर कमाल झाली. छतावर पोचून मामांनी चौफेर नजर टाकली आणि विचारलं, "पोराचं लगन कवा हाये?" गुरुजींचा चेहरा पांढरा. लग्नाची बोलणी अजून लाखांदूरच्या पाहुण्यांशी दबक्या आवाजात चालली होती, सख्ख्या भावालाही सांगितलेलं नव्हतं. गावात तीन दिवस चर्चा, मामांना कोणी सांगितलं? मी स्वतः चार जणांना सांगितलं की मामांना विजेच्या तारांमधून लोकांचे फोन ऐकू येतात. कोणी सांगितलं नव्हतं. छतावर कॉलमचे सळे उभे सोडलेले होते, ताजे, गंज न चढलेले. "वरतं खोली बांधनार हा तं हे कुठी ठेवसान?" एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

आमच्याकडे तांदळाच्या मिला आहेत. धान उकडायला कोंडा जाळतात आणि त्याची राख वाऱ्यावर गावभर हिंडते. वाळत घातलेल्या धोतरावर बसते, दह्यावर बसते, नव्या नवरीच्या भांगात बसते. सोलरच्या काचेवर तर ती मुक्कामालाच येते. मामा सांगायचे, आठ दिवसांनी पुसा, पण सकाळी, काच थंड असताना. तापलेल्या काचेवर पाणी मारू नका. आणि पुसायला चढाल कसे तेही आधीच ठरवा, हातभर वाट सोडा, नाही तर मागच्या काचा आकाशातून उतरून पुसाव्या लागतील. लोक ऐकायचे आणि काचेवर मोहफुलं वाळत घालायचे. काच उतरती, गरम, गुळगुळीत. आमच्या काकूंनी तर शोधच लावला की सोलरवर वाळवणाच्या सरोड्या अंगणापेक्षा अर्ध्या वेळात वाळतात. मामा त्यांच्या छतावर गेले, वाळलेली एक सरोडी तोंडात टाकली, चावली, आणि म्हणाले, "चांगली झाली. पन आता वीज कोन बनवन?"

वानरांचीही चौकशी करायचे. गावात वानरं किती, कोणत्या बाजूने येतात, कोणत्या झाडावरून कोणाच्या छतावर उडी मारतात. एजंटांना हे कुठल्याच कागदावर सापडायचं नाही. एका एजंटाला त्यांनी विचारलं, "बिघडल्यावर कोन येईन?" त्याने हसून फोन नंबर पुढे केला. "नंबर नको. मानूस सांग. त्याचं नाव काय, रायते कुठी?" एजंटाने कागद चाळले, मोबाईल चाळला, घाम पुसला. "तो अजून ठरला नाही," म्हणाला. मामा त्याला म्हणाले, "ठरला का ये. मी इथंच हावो."

डाव्या हाताला त्यांची दोन बोटं नव्हती, करंगळी आणि तिच्या शेजारचं. चुन्याची रेघ ओढायला ती लागत नसत, पण बघणाऱ्याला दिसत. मी पोरवयापासून सगळ्यांना सांगत आलो की ती वाघाने नेली. जंगलाच्या कडेच्या खांबावर मामा चढलेले, खाली वाघ बसलेला, मामांनी घाबरून पकड खाली टाकली ती वाघाच्या नाकावर, मग वाघाने झेप घेतली आणि हिशोबाला दोन बोटं घेऊन गेला. वाढत वाढत त्या गोष्टीत वाघाला दोन बछडे झाले. मी ती गोष्ट मामांच्या समोरही सांगितलेली आहे. ते ऐकायचे, मधे एकदा "पान्यापावसाचे दिवस होते," असं घालायचे. मला वाटायचं, माझ्या गोष्टीची शान ठेवतात.

शेवटी शेवटी ते थकले होते. पाय नाही, पाय चांगले होते. थकवा दुसरा होता. तीच रेघ, तीच टाच, तोच गंज, तेच बोलणं, आणि समोरच्याची तीच हलणारी मान. "शेठ," मला एकदा म्हणाले, मी दुकानदार म्हणून ते मला चिडवायला शेठ म्हणत, "लोक मान हालवतात ना, तवा मले समजते का गेलं. जो भांडते, त्याच्या डोस्क्यात काहीतरी रायते. मान हालवली का गेलं." पाण्याचा गिलास खाली ठेवून ते कितीतरी वेळ पायरीवर तसेच बसून राहायचे, उठायला कोणी सांगितलंच नाही अशासारखे.

माझ्या छतावर आले तो पौष होता. मीच बोलावलं होतं. दिवसभर बसले, रेघा ओढल्या, टाच ठोकली, बायकोला गंज विचारला. माझं छत पहिल्या नंबरात पास. मी फुगलो. उतरताना ते बाबांच्या खोलीत डोकावले. मशीन घर्रघर्र करत होती. बाबांनी हात वर केला, मामांनी हात वर केला. दोघांच्या गप्पा नेहमी एवढ्याच असत.

तिसऱ्या पायरीवर बसून मामांनी विचारलं, "लाईन गेल्यावर बाबाची मशीन कायच्यावर चालवशीन?"

"सोलरवर. त्याच्यासाठीच तं लावून राहिलो."

"लाईन गेली का हे बी बंद पडते."

मी हसलो. "मामा, सूर्य वरतं, काचा वरतं. बंद कायले पडन?"

"बनवलंच तसं हाये. ह्याची वीज खांबावरच्या लाईनले जोडली रायते. लाईन मेली का हे आपल्या मनानं थांबते. नाई थांबलं तं तुह्या छतावरची वीज उलटी तारेत जाईन. आन तारेवर कोन रायते?"

"कोण?"

"लाईन गेली का खांबावर मानूस हाये असंच समजाचं."

मग त्यांनी नीट समजावलं. बॅटरीवालं घे, महाग पडेल पण घे. सगळ्या घराला नको, पंखा-कुलर-टीव्हीला नको, फक्त बाबांच्या मशीनला वेगळी लाईन काढ. ते जमेपर्यंत सिलिंडर भरलेला ठेव, काटा रोज बघ. आणि काहीही लावलंस तरी पहिल्याच दिवशी, माणसं घरात असताना, मेन पाडून पाह्य.

मी मान हलवली.

मामांनी माझ्या मानेकडे पाहिलं. "गेलं," म्हणाले, आणि पाणी प्याले.

मी साधं लावलं. एजंट म्हणाला दिवसा लाईन जातेच कुठे, गेली तरी पाच मिनिटं. शिवाय समोरच्या तेलवाल्याच्या घरी काचा चढायला लागल्या होत्या आणि बॅटरीवाल्याला दोन महिने थांबावं लागणार होतं. तेलवाल्याच्या आधी माझं लागलं पाहिजे, एवढं एक डोक्यात. लागलं त्या दिवशी मी गावात पेढे वाटले आणि सांगत सुटलो की आता आपली लाईन थेट सूर्यावरून, मधे कोणी नाही, अड्याळ अंधारात बुडालं तरी आपल्या घरी कुलर चालेल. मामा भेटले की विचारायचे, "मेन पाडून पाह्यला काय?" मी म्हणायचो, "पाह्यला, पाह्यला." पहिल्यांदा खोटं बोलताना थोडं कसंतरी झालं. तिसऱ्यांदा काहीच झालं नाही.

सिलिंडर दुकानात मागच्या बाजूला होता. त्याच्यापुढे खताची नवी गाडी उतरली होती.

वादळ वैशाखात आलं, सकाळी दहाच्या सुमाराला. आमच्याकडची वादळं तशी येतात. अर्धा तास सगळं उडवतात, पत्रे, आंबे, कोंबड्या, आणि मग असं ऊन टाकतात की काही झालंच नव्हतं. बाजाराकडे कुठेतरी फांदी तारेवर पडली आणि लाईन गेली. मशीन टीं टीं करत थांबली. मी छतावर धावलो. काचा चकचकीत, पावसाने धुऊन निघालेल्या, ऊन लखलखीत. खाली भिंतीवरच्या इन्व्हर्टरचा लाल दिवा लागलेला. मी त्याला थापट मारली. मी त्याला शिव्या दिल्या. समोरच्या ओट्यावर तेलवाला आणि त्याचं सारं खटलं उभं राहून माझ्याकडे बघत होतं. "काय भाऊ, सूर्य गेला काय?" त्याने विचारलं.

खताच्या गोण्या हटवून सिलिंडर काढला. अर्धाही भरलेला नव्हता. भंडाऱ्याहून दुसरा आणायला गाडी पाठवली, रस्त्यावर झाडं पडलेली, तिचा पत्ता नाही. दोन तासांत काटा लाल पट्टीत आला आणि बाबांचे ओठ मला निळसर वाटायला लागले. बायको म्हणाली, "अवं, कायी तरी करा ना!" मंडपवाल्याचा जनरेटर मी मामांच्या दारावरून एकट्याने उचलून आणला. पाच माणसांचं वजन, कोणालाही विचारा. दोन पिनांची वायर घरात होतीच. कुलरच्या सॉकेटात खोचली, म्हणजे सारं घर एकदम उजळणार. दोरी हातात घेतली, आणि तो आवाज आला.

मी दोरी ओढली. हो, ओढली. मामांचा आवाज ऐकून ओढली, न ऐकल्यासारखं करून ओढली. आत बाप होता. जनरेटर फुर्रर्र करून बसला, धरला नाही. दुसऱ्यांदा ओढायला हात मागे नेला तोवर मामा आले. त्यांनी मला काही केलं नाही. खिडकीतली वायर धरून एका हिसक्यात बाहेर ओढली, खिशातली पकड काढली, आणि पीन कट्कन कापून टाकली.

"मामा, बाबा!" मी ओरडलो.

"मशीन आन."

"अहो पण मामा..."

"मशीन आन अबे! बाहेर आन!"

मशीन ओट्यावर आणली, नळी खिडकीतून आत बाबांच्या नाकाला. मामांनी मशीनची पीन सरळ जनरेटरच्या अंगावरच्या सॉकेटात लावली. घर नाही, मेन नाही, तार नाही. जनरेटर आणि मशीन, मधे दीड हात वायर. तीन वेळा दोरी ओढली त्यांनी, आठ बोटांनी. चौथ्याला धरला. मशीन टीं करून घर्रघर्र सुरू झाली.

पाच मिनिटांचं काम होतं. शेंबड्या पोराला सुचलं असतं.

बाबांचा रंग परत यायला वेळ लागला. मामा तिसऱ्या पायरीवर जाऊन बसले, आणि त्यांची छाती अशी हलत होती की आतून बाबांनी खिडकीतून पाहिलं, नळीला हात लावला, आणि खोल आवाजात म्हणाले, "त्याले लाव थोडी."

मग मामांनी मला विचारलं. रागाने नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून. "थेट मशीनच काहून नाई लावली?"

माझ्याकडे उत्तर होतं. ते समोरच्या ओट्यावर उभं होतं, तेलवाला आणि त्याचं खटलं. मला घर उजळलेलं हवं होतं. मी त्या बाजूला बघितलं असेन, कारण मामांनीही त्या बाजूला बघितलं, मग माझ्याकडे.

"अच्छा," म्हणाले.

पाणी दिलं. गूळ त्यांनी घेतला नाही. गिलास त्या तीन बोटांच्या हातात धरून म्हणाले, "मिलवाल्याच्या पोरीचं लगन होतं. वादळानं लाईन गेली. त्यानं अशीच वायर लावली, जनरेटर चालू केला. मांडवात लाईट आली, सारे टाळ्या वाजवत होते. मी खांबावर होतो. उलटी वीज डीपीत, ट्रान्सफॉर्मरात, गेली का अकरा हजार व्होल्ट होते." गिलास खाली ठेवला. "नवरीले कायी माहीत नव्हतं."

त्यानंतर मी वाघाची गोष्ट कोणाला सांगितलेली नाही. सवयीने एकदा सुरू केली होती, बछड्यांपर्यंत जाऊन थांबलो.

बॅटरी लावली. बाबांच्या मशीनला वेगळी लाईन, तिच्यावर दुसरं काही नाही. लावणाऱ्याचं नाव, गाव, बायकोचं माहेर, सगळं विचारून घेतलं. लागलं त्या दिवशी मामांना बोलावलं. ते म्हणाले, "मी कायले? तूच पाड." मी मेन पाडला. कुलर थांबला, टीव्ही गेला, फ्रिज गप्प झाला, आणि आतल्या खोलीतली मशीन चालू राहिली. मामा दारात उभे राहून ती घर्रघर्र ऐकत होते, बराच वेळ. मग बाबांना हात वर केला आणि गेले. पुढे मी दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला बियाणं देता देता विचारायला लागलो, मेन पाडून पाह्यला काय. लोक मान हलवतात.

मामा गेले ते छतावरून पडून नाही, विजेने नाही, काही नाही. पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी दुपारी जेवून खुर्चीत बसले होते, मामींनी चहा आणला तर उठले नाहीत. माझ्यासारख्याला सांगायला त्यात काहीच नव्हतं. त्यांच्या घरावर सोलर कधी लागलं नाही. मागच्या चिंचेची सावली पौषात पूर्ण छतावर पडते, रेघा अजून आहेत.

तेरवीला सारं अड्याळ आलं होतं. बाबा येऊ शकले नाहीत, पण त्यांनी मला सांगून पाठवलं, नीट सांग म्हणून. मी नीट सांगितलं. पंगत बसायला वेळ होता, मांडवात चाळीस-पन्नास माणसं, आणि मी त्या दिवसाची गोष्ट सुरू केली. खरं सांगतो, त्या दिवशी मी बाबांसाठी आणि मामांसाठी सांगत होतो, पण जीभ माझीच. गोष्टीत बाजारातला खांब आला. खांबावर गावचा आताचा लाईनमन सुखदेव आला, कमरेला पट्टा, दोन्ही हात तारेवर. माझ्या हातात दोरी, तिकडे सुखदेवचे हात, मधे फक्त मामांचा आवाज. बायका डोळे पुसत होत्या. तेलवाल्यानेही नाक ओढलं.

सुखदेव तिथेच होता, मांडवाच्या खांबाला टेकून, पन्नाशीचा माणूस, हातात पाण्याचा जग, पंगतीला वाढायला उभा. मी त्याच्याकडे वळलो. म्हटलं, "सांग सुखदेव, तूच सांग सगळ्यांना. त्या दुपारी तू खांबावर होता, आणि मामा नसते तर आज तुझी तेरवी होऊन वर्ष झालं असतं."

सुखदेवने जग दुसऱ्या हातात घेतला.

"खांबावर कोनी नव्हतं, भाऊ. जेवत होतो आमी."